मधुमेही मुलें, त्यांचे आईबाप आणि नवीं यंत्रें

मधुमेह हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें पन्नाशी ओलांडलेला, बैठें काम करणारा एखादा सुखवस्तु गृहस्थ उभा राहतो. सकाळीं फिरावयास जाणारा, चहांत साखर न घेणारा, लग्नाच्या पंक्तींत जिलबी आली कीं ताटावर हात आडवा धरणारा. हें चित्र खोटें नाहीं, परंतु तें अपुरें आहे. याच नांवाचा दुसरा एक रोग लहान मुलांना होतो, आणि त्याचें स्वरूप इतकें निराळें आहे कीं दोहोंना एकच नांव असावें ही दुर्दैवाची गोष्ट म्हटली पाहिजे. कारण नांवाच्या या सारखेपणामुळें पुष्कळ आईबापांची दिशाभूल होते, आणि हा रोग दिशा चुकलेल्यास परत फिरण्यास फारसा वेळ देत नाहीं. हा रोग म्हणजे काय, त्याच्याशीं झगडणाऱ्या आईबापांच्या हातीं गेल्या शंभर वर्षांत कोणकोणतीं साधनें आलीं, आणि आपल्या बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांत त्यांचा उपयोग कसा व कितपत करून घेतां येईल, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

आपल्या पोटांत जठराच्या मागें स्वादुपिंड नांवाचें एक इंद्रिय आहे. त्यांतील कांहीं विशिष्ट पेशी इन्सुलिन नांवाचा रस निर्माण करतात. आपण खाल्लेल्या भाकरीचें, भाताचें वा फळाचें पचन होऊन त्याची साखर बनते, ती रक्तांत उतरते, व रक्तांतून शरीराच्या पेशींत शिरून तेथें शक्ति उत्पन्न करते. परंतु पेशीचें दार तिला आपण होऊन उघडत नाहीं. तें उघडणारी किल्ली म्हणजे इन्सुलिन. प्रौढांच्या मधुमेहांत बहुधा किल्ली असते, पण कुलूप गंजलेलें असतें. मुलांच्या मधुमेहांत, ज्यास वैद्यकांत पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात, किल्लीच नाहींशी होते. रोगजंतूंशीं लढण्यासाठीं शरीरांत जी संरक्षक शक्ति असते, तीच या पेशींवर उलटते व त्यांचा नाश करते. मूल गोड फार खात होतें म्हणून हें होत नाहीं. आईनें गरोदरपणांत एखादें पथ्य मोडलें म्हणून होत नाहीं. कोणाची दृष्ट लागली म्हणून तर नाहींच नाहीं. हा रोग एका मुलापासून दुसऱ्यास लागत नाहीं. आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनेनें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें, वीस वर्षांखालील अशा मुलांची व तरुणांची संख्या जगांत सर्वांत अधिक हिंदुस्थानांतच असून ती दोन लाखांच्या वर आहे. तेव्हां हा दूरदेशींचा रोग आहे, आपल्याकडे तो नसतो, असें कोणीं समजूं नये.

याचीं लक्षणें आईबापांनीं व शिक्षकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. मुलाला एकाएकीं फार तहान लागूं लागते. तें वर्गांतून वारंवार लघवीस जाण्याची परवानगी मागतें. अंथरूण ओलें करण्याची संवय सुटलेलें मूल पुन्हां तें करूं लागतें. भूक चांगली असूनहि वजन झपाट्यानें उतरतें. खेळांत पुढें असणारें मूल मैदानाच्या कडेला बसून राहतें. लघवीवर मुंग्या जमतात, ही खूण तर आपल्या प्राचीन वैद्यांनींहि लिहून ठेविलेली आहे. या वेळीं रक्तांतील साखर तपासली तर मूल सहज वांचतें. न तपासली तर शरीर साखरेऐवजीं चरबी जाळूं लागतें, रक्त आम्लधर्मी होतें, ओकाऱ्या व पोटदुखी सुरू होते, श्वास खोल व भराभर चालतो, व त्याला पिकलेल्या फळासारखा वास येतो. अशा वेळीं कोणी पोट बिघडलें असें समजतो, कोणी बाधा झाली म्हणून अंगारा लावतो, आणि तेवढ्यांत मूल बेशुद्ध होतें. बोटाच्या टोंकावरील रक्ताचा एक थेंब आणि फार तर एक मिनिट, एवढ्यांत ज्याचा संशय फिटतो, अशा रोगानें मूल दगावावें यासारखी खेदाची गोष्ट नाहीं.

शंभर वर्षांपूर्वीं मात्र निदान होऊनहि उपयोग नव्हता. मुलाला उपाशी ठेवून त्याचें आयुष्य कांहीं महिने लांबवावें, एवढाच उपाय वैद्यांच्या हातीं होता. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें डॉ. फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनीं, प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेंत, जनावरांच्या स्वादुपिंडांतून इन्सुलिन काढण्यांत यश मिळविलें. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड टॉमसन नांवाच्या चवदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला तें पहिल्यानें टोंचण्यांत आलें. तो अर्क अशुद्ध असल्यामुळें पहिला प्रयत्न फसला. परंतु जेम्स कॉलिप यांनीं तो शुद्ध केल्यावर त्याच महिन्याच्या २३ तारखेस पुन्हां दिला, आणि मुलाच्या रक्तांतील साखर उतरली. तो मुलगा पुढें तेरा वर्षें जगला. १९२३ सालीं बँटिंग, बेस्ट व कॉलिप या तिघांनीं या शोधावरील आपला हक्क प्रत्येकीं एक डॉलर घेऊन विद्यापीठास देऊन टाकला. ज्या औषधावर मुलांचे प्राण अवलंबून आहेत त्याचा व्यापार करूं नये, ही त्यामागील भावना होती. त्याच वर्षीं बँटिंग व मॅक्लिऑड यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु इन्सुलिन मिळालें म्हणजे प्रश्न सुटला असें झालें नाहीं. निरोगी माणसाचें स्वादुपिंड क्षणोक्षणीं रक्तांतील साखर पाहतें व तिच्या मानानें रस सोडतें. भाकरी एक खाल्ली कीं दोन, मूल धांवलें कीं झोंपलें, त्याला ताप आहे कीं नाहीं, याचा हिशेब तें आपोआप करीत असतें. तें बंद पडल्यावर हा सारा हिशेब आईबापांच्या अंगावर येतो. इन्सुलिन कमी पडलें तर साखर वाढते, व ती वर्षानुवर्षें वाढलेली राहिल्यास डोळे, मूत्रपिंडें व पायांच्या नसा बिघडतात. इन्सुलिन अधिक झालें तर साखर एकदम उतरते, घाम सुटतो, हात कांपतात, मूल भलतेंच बोलूं लागतें, व वेळीं उपाय न झाल्यास बेशुद्ध होतें. दोन दरडींमधल्या अरुंद वाटेनें बैलगाडी हांकावी तसें हें काम आहे. आणि तें दिवसांतून एकदां नव्हे, रोज व जन्मभर करावयाचें असतें. म्हणूनच "आतां साखर किती आहे?" हा प्रश्न आईबापांना सर्वांत महत्त्वाचा झाला. पुढील सर्व यंत्रें या एकाच प्रश्नाचें उत्तर अधिकाधिक लवकर मिळावें यासाठीं निर्माण झालेलीं आहेत.

पहिलें साधन अगदीं साधें होतें. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेंत बेनेडिक्टचें निळें द्रावण आहे. त्यांत ग्लुकोज घालून तापविलें म्हणजे रंग हिरवा, पिवळा व शेवटीं विटकरी होतो, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. इन्सुलिनच्या शोधानंतरच्या अनेक वर्षांत हजारों घरांतील माता मुलाची लघवी याच द्रावणांत घालून स्वयंपाकघरांत तापवीत, व रंगावरून साखरेचा अंदाज बांधीत. पण लघवी ही कांहीं तासांपूर्वींची बातमी सांगते; ह्या क्षणीं रक्तांत काय चाललें आहे तें तिला ठाऊक नसतें. शिवाय साखर फार उतरली आहे हें तर तिच्यांत दिसतच नाहीं. १९७० च्या सुमारास रक्ताच्या थेंबावरून साखर मोजणारें यंत्र अमेरिकेंत निघालें. परंतु तें केवळ डॉक्टरांसाठीं व रुग्णालयांसाठीं होतें. रिचर्ड बर्नस्टाइन नांवाचा एक इंजिनियर स्वतः मधुमेही होता. त्याची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नांवानें त्यानें तें यंत्र घेतलें व घरींच दिवसांतून अनेकदां आपली साखर मोजण्यास आरंभ केला. रोग्यानें स्वतः मोजमाप करावें ही कल्पना त्या काळच्या कित्येक वैद्यांना रुचली नाहीं. आज मुठींत मावणारा ग्लुकोमीटर औषधांच्या दुकानांत कोणालाहि मिळतो, आणि पट्टीवर थेंब ठेवल्यापासून कांहीं सेकंदांत आंकडा दाखवितो. पट्टीवरील एक पाचक द्रव्य रक्तांतील ग्लुकोजवर क्रिया करतें, त्यांतून अत्यल्प वीज निर्माण होते, व यंत्र ती मोजतें. इतकेंच त्यांतील रहस्य आहे.

तरीहि ग्लुकोमीटर हें एका क्षणाचें चित्र आहे. रात्रीं दहा वाजतां आंकडा चांगला होता, पण दोन वाजतां काय झालें? हें कळण्यासाठीं आईनें दोन वाजतां उठून झोंपलेल्या मुलाचें बोट टोंचलें पाहिजे. हजारों माता तें करीत आल्या आहेत व आजहि करीत आहेत. ही अडचण दूर करणारें साधन, म्हणजे सतत साखर मोजणारा सेन्सर, अमेरिकेंत प्रथम १९९९ सालीं मान्यता पावला. हल्लींचा सेन्सर मोठ्या बटणाएवढा असून तो दंडाच्या मागील बाजूस चिकटवितात. त्याचा केसासारखा बारीक धागा त्वचेखालीं राहून तेथील द्रवांतील साखर मोजीत असतो. कांहीं सेन्सर दर पांच मिनिटांनीं एक आंकडा देतात. म्हणजे दिवसाचे २८८ आंकडे झाले. आंकड्याबरोबर एक बाणहि दिसतो, व त्या बाणाचें महत्त्व आंकड्याहून कमी नाहीं. शंभर आंकडा व बाण सरळ आडवा असेल तर मूल निर्धास्त झोंपूं द्यावें. तोच शंभर आंकडा व बाण खालीं वळलेला असेल तर साखर उतरत आहे असें समजून सावध व्हावें. मात्र त्वचेखालील द्रव रक्ताच्या पांच ते दहा मिनिटें मागें असतो. म्हणून मुलाचें अंग घामानें भिजलें आहे आणि सेन्सर सर्व ठीक असल्याचें सांगतो, अशा वेळीं मुलावर विश्वास ठेवावा व बोट टोंचून खात्री करून घ्यावी.

या साधनाच्या इतिहासांत आईबापांचा वाटा किती मोठा आहे, हें सांगण्यासारखें आहे. न्यूयॉर्क राज्यांतील लिव्होनिया या गांवच्या जॉन कॉस्टिक यांच्या चार वर्षांच्या मुलास २०१२ सालीं हा रोग झाला. मुलाच्या अंगावर सेन्सर होता. परंतु त्याचे आंकडे जवळच्या छोट्या यंत्रावरच दिसत. मूल आईबापांपासून दूर गेलें कीं त्यांना कांहीं कळत नसे. कॉस्टिक हे संगणकाचे जाणकार होते. त्यांनीं २०१३ सालीं, यंत्रांतील आंकडे मोबाइलच्या द्वारें इंटरनेटवर पाठविण्याची युक्ति शोधून काढली, आणि कामावर बसल्या बसल्या मुलाची साखर पाहूं लागले. ही बातमी इतर आईबापांच्या कानीं गेली. त्यांतील अनेकजण स्वतः इंजिनियर होते. लेन डेसबरो या दुसऱ्या एका मधुमेही मुलाच्या वडिलांनीं व इतरांनीं मिळून तिला "नाइटस्काउट", म्हणजे रात्रीचा पहारेकरी, असें नांव दिलें, व २०१४ सालीं ती सर्वांना विनामूल्य खुली केली. "आम्ही वाट पाहत बसणार नाहीं", असें या लोकांचें घोषवाक्य होतें. २०१५ च्या जानेवारींत अमेरिकन सरकारनें एका कंपनीच्या, दूरच्या माणसास आंकडे दाखविणाऱ्या साधनास रीतसर मान्यता दिली. त्याच वर्षीं डाना लुइस या मधुमेही तरुणीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं, सेन्सरचा आंकडा पाहून इन्सुलिनच्या पंपास आपोआप आज्ञा देणारी रचना लोकांपुढें ठेविली. आणि २०१६ सालीं तशा प्रकारच्या पहिल्या व्यापारी पंपास अमेरिकेंत परवानगी मिळाली. येथें एक इशारा देणें अवश्य आहे. घरगुती रचना करणारीं हीं माणसें त्या विद्येंत पारंगत होतीं. इन्सुलिन हें प्राण वांचविणारें, तसेंच चुकीच्या मात्रेंत प्राण घेणारें औषध आहे. तेव्हां त्यांचें धैर्य वाखाणावें, पण डॉक्टरांच्या देखरेखीवांचून त्यांचें अनुकरण करूं नये.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. मलकापूर, नांदुरा व शेगांव हीं रेल्वेच्या मुख्य रस्त्यावर आहेत खरीं. पण लोणार, मेहकर, संग्रामपूर येथील खेड्यांतून मुलांच्या मधुमेहाच्या तज्ज्ञाकडे जाणें म्हणजे एक दिवसाची मजुरी व दोघांचें भाडें. सेन्सरची एक चकती साधारणपणें चार-पांच हजार रुपयांस पडते व दोन आठवड्यांनीं टाकून द्यावी लागते. पंपाची किंमत तर लाखांत जाते. ज्या घरांत कपाशीच्या व सोयाबीनच्या भावावर वर्षाचा संसार चालतो, त्यांना हा खर्च सांगणें म्हणजे थट्टाच होय. परंतु म्हणून निराश होण्याचें कारण नाहीं. नागपूर येथें डॉ. शरद पेंडसे यांनीं १९९५ सालीं स्थापन केलेल्या ड्रीम ट्रस्टनें गरीब घरांतील मधुमेही मुलांना मोफत इन्सुलिन व शिक्षण देण्याचें काम हातीं घेतलें, आणि विदर्भांतील खेड्यापाड्यांतील मुलांना त्याचा आधार मिळाला. आपल्याला जवळ असलेल्या छत्रपती संभाजीनगर येथें डॉ. अर्चना सारडा यांनीं "उडान" ही संस्था याच कार्यासाठीं उभी केली. या दोन्ही ठिकाणच्या कामाचें मर्म हेंच कीं केवळ औषधाची बाटली देऊन भागत नाहीं; आईबापांना शिकवावें लागतें. २०२२ सालीं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें या रोगाविषयीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेंतहि रोग्याच्या व कुटुंबाच्या शिक्षणाला औषधाइतकेंच स्थान दिलेलें आहे.

तंत्र म्हणजे महागडें यंत्रच असें नाहीं. ग्लुकोमीटर, शंभर पानी वही आणि घरांत असलेला मोबाइल, या तीन वस्तूंत पुष्कळ काम होतें. वहींत चार रकाने आंखावे: वेळ, साखरेचा आंकडा, काय खाल्लें, इन्सुलिन किती दिलें. आठवड्याच्या शेवटीं त्या पानाचें छायाचित्र काढून व्हॉट्सॲपवर डॉक्टरांना पाठविलें कीं प्रवास न करतां मात्रा बदलून मिळूं शकते. ज्यांना सेन्सर बारमाही परवडत नाहीं त्यांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें वर्षांतून एक-दोन वेळां तो लावला तरी रात्रीं साखर उतरते कीं काय, सकाळची भाकरी कितपत बाधते, हें कळून येतें, व पुढचे कित्येक महिने त्या माहितीवर निभावतां येतात.

उन्हाळ्यांत आपल्याकडे पारा चाळिसाच्या वर जातो. न उघडलेलें इन्सुलिन दोन ते आठ अंशांत, म्हणजे शीतकपाटांत ठेवावयाचें असतें. बर्फाच्या कप्प्यांत ठेवल्यास तें गोठून निकामी होतें. वापरांत असलेली बाटली साधारण चार आठवडे सावलींत, गार जागीं टिकते. ज्या घरीं शीतकपाट नाहीं किंवा वीज तासन् तास जाते, त्यांनीं मातीचीं दोन भांडीं घ्यावीं. लहान भांडें मोठ्यांत ठेवून मधल्या जागेंत ओली वाळू भरावी, व बाटली डबींत घालून आंतल्या भांड्यांत ठेवावी. मडक्याच्या अंगांतून पाणी वाफ होऊन जातांना उष्णता बरोबर घेऊन जातें, हा नियम आपण पदार्थविज्ञानांत शिकतोंच. आपली हवा उन्हाळ्यांत कोरडी असल्यामुळें तो येथें चांगला लागू पडतो. दुसरी दक्षता सुईची. आपल्याकडील बाटलींत बहुधा एका मिलिलिटरांत चाळीस एकक इन्सुलिन असतें व त्यासाठीं तांबड्या टोपणाची सिरिंज असते. शंभर एककांच्या इन्सुलिनसाठीं नारिंगी टोपणाची. यांची अदलाबदल झाल्यास मात्रा अडीच पट वाढते किंवा घटते. दुकानदारानें "एकच आहे, चालेल" असें म्हटलें तरी चालवून घेऊं नये.

आतां यंत्रांमुळें उत्पन्न होणाऱ्या एका अडचणीकडे लक्ष वेधणें शिक्षक या नात्यानें मला अगत्याचें वाटतें. मूल शाळेंतून घरीं आलें कीं पूर्वीं आई "भूक लागली का रे?" असें विचारी, आतां "किती आहे?" असें विचारते. आंकडा चांगला असेल तर शाबासकी, वाईट असेल तर "काय खाल्लेंस?" म्हणून झडती. हळूहळू मुलाला वाटूं लागतें कीं रक्तांतील साखर म्हणजे परीक्षेचे गुण असून आपण रोज नापास होत आहों. मग गुणपत्रिका दडवणाऱ्या मुलाप्रमाणें तें आंकडेहि दडवूं लागतें. वहींत खोटे आंकडे लिहितें, बोट टोंचण्याचें टाळतें, सेन्सरपासून मोबाइल दूर ठेवतें. आंकडा हा गुण नव्हे. तो वाटेवरील मैलाचा दगड आहे. आपण कोठें आहों तें तो सांगतो, आपण कसे आहों तें सांगत नाहीं. साखर वाढण्यास खाण्याखेरीज सर्दी, ताप, परीक्षेची भीति, वाढीचें वय अशीं अनेक कारणें असतात. सेन्सर वापरणाऱ्यांपुढेंहि तज्ज्ञ जें ध्येय ठेवतात तें सत्तर ते एकशें ऐंशी या मर्यादेंत दिवसाचा शेंकडा सत्तर वेळ काढण्याचें आहे. शेंकडा शंभर नव्हे. जें जगांतील उत्तम वैद्य मागत नाहींत तें आपण दहा वर्षांच्या मुलाजवळ मागूं नये.

तसेंच दूरवरून पाहतां येतें म्हणून सदासर्वदा पाहत राहणें हेंहि बरें नव्हे. रात्रभर मोबाइल हातांत धरून बसलेली आई दुसऱ्या दिवशीं थकते, चिडते, व मात्रा मोजतांना चुकूं शकते. आंकडा जरा वर गेला कीं इन्सुलिन, तासाभरांत पुन्हां थोडें इन्सुलिन, असें घाईघाईनें देत गेल्यास पहिल्या व दुसऱ्या मात्रेचा जोर एकदम येऊन साखर धोकादायक रीतीनें उतरते. यंत्राचा इशारा कोणत्या आंकड्यावर वाजावा हें डॉक्टरांशीं ठरवून घ्यावें, आणि आई व बाप यांनीं रात्री वांटून घ्याव्या. मूल जसजसें वाढेल तसतशी एकेक किल्ली त्याच्या हातीं द्यावी: आठव्या-नवव्या वर्षीं बोट टोंचणें, पुढें वही लिहिणें, पुढें मोठ्यांच्या देखत मात्रा मोजणें. ज्या मुलाची साखर सोळाव्या वर्षापर्यंत केवळ आईच पाहते, तें महाविद्यालयासाठीं अकोल्यास किंवा पुण्यास गेल्यावर काय करील?

शाळेचें कर्तव्य यापुढें येतें, कारण जागेपणींचे सहा तास मूल आपल्याजवळ असतें. अशा मुलास वर्गांत साखर तपासण्याची, पाणी पिण्याची, लघवीस जाण्याची व ठरल्या वेळीं खाण्याची मोकळीक असावी. मोबाइलला शाळेंत बंदी असणें योग्यच. परंतु सेन्सरचे आंकडे दाखविणारा मोबाइल हा त्या मुलापुरता औषधाच्या पेटीचा भाग आहे. तो शिक्षकाच्या टेबलावर राहिला तरी चालेल, पण बंद करून कपाटांत ठेवूं नये. इंटरनेट नसलें तरी जवळच्या मोबाइलवर इशारा वाजतो, हेंहि ध्यानांत ठेवावें. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें २०१७ सालीं मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या खोलींत साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ व पाण्याची बाटली नेण्यास परवानगी दिली; आणि २०२३ सालीं राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानें अशा सवलती सर्वच शाळांनीं द्याव्या असें शिक्षणखात्यांस कळविलें.

वर्गांत एखादें मधुमेही मूल घामाघूम झालें, कांपूं लागलें, गप्प किंवा विनाकारण चिडखोर झालें, तर साखर उतरली असें समजावें. तपासतां आल्यास तपासावें, न आल्यास वाट पाहूं नये. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यांत घालून पाजावें, लहान मुलास याच्या निम्में. पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें, आणि साखर सत्तरच्या खालींच असेल तर पुन्हां द्यावें. मग पोळी किंवा बिस्किटें खाऊं घालावीं. मूल बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींहि घालूं नये. त्यास कुशीवर निजवून ताबडतोब दवाखान्यांत न्यावें. आणि अशा मुलास कधींहि एकटें मुख्याध्यापकांच्या खोलीकडे किंवा घरीं पाठवूं नये. हें सर्व शिकण्यास एक तास पुरे आहे.

मुलींच्या बाबतींत एक दुःख अधिक असतें. "लग्न कसें होईल?" या धास्तीनें त्यांचा रोग शेजाऱ्यापासून, नातेवाइकांपासून, कधीं शाळेपासूनहि लपविला जातो. दंडावरील सेन्सर बाहींत दडवावा लागतो, इन्सुलिन न्हाणीघरांत घ्यावें लागतें, मैत्रिणींसमोर साखर खातां येत नाहीं. असा लपविलेला रोगच अधिक घातक होतो, कारण बेशुद्ध पडलेल्या मुलीस काय झालें आहे हें सांगणारें जवळ कोणी नसतें. योग्य उपचार घेणारी मधुमेही मुलगी शिकूं शकते, नोकरी करूं शकते, संसार करूं शकते, व डॉक्टरांच्या देखरेखीखालीं निरोगी अपत्यास जन्म देऊं शकते. हें सत्य घरोघर पोंचविणें हें कोणतेंहि यंत्र करणार नाहीं. तें आपणच केलें पाहिजे.

शुभवर्तमानांत यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या माणसाची व दयाळु शोमरोन्याची जी गोष्ट आहे, तींतील एक तपशील आपण बहुधा विसरतों. त्या शोमरोन्यानें जखमा बांधल्या, जखमीस आपल्या जनावरावर बसविलें, येथवर सर्वांना आठवतें. पण दुसऱ्या दिवशीं त्यानें उतारशाळेच्या मालकाजवळ दोन नाणीं ठेविलीं, व पुढें जो खर्च होईल तोहि आपल्या अंगावर घेतला. मधुमेही मुलाला याच दुसऱ्या दयेची अधिक गरज असते. एकदां इन्सुलिन देऊन, एकदां वर्गणी जमवून त्याचें काम संपत नाहीं. उद्यां, परवां आणि पुढील सर्व दिवस कोणीतरी लक्ष ठेवावयास हवें. यंत्रें तें लक्ष ठेवण्यास मदत करतात; यंत्र नसेल तेथें शेजारी बसणारा मित्रहि तेंच करूं शकतो. आपल्या वर्गांत असें मूल असेल तर त्याच्या दप्तरांतील साखरेची पुडी कोणत्या कप्प्यांत आहे, हें निदान त्याच्या बांकावरील सोबत्यास तरी ठाऊक असावें.